एन्क्लोजर आणि इमर्जन्सी लाइट : निवडण्यापासून चाचणीपर्यंत, नव्या हातांसाठी

शिडीवर उभं राहून काम करणाऱ्याला दोनच हात असतात. एका हातानं फिटिंग छताला टेकवून धरायचं, दुसऱ्यानं वायर टर्मिनलमध्ये घालायची, मग स्क्रू कुठे ठेवायचा? तो जातो दातात. विजेच्या बॉक्समध्ये, म्हणजे एन्क्लोजरमध्ये, आणि लाइन गेल्यावर स्वतःच्या बॅटरीवर पेटणाऱ्या इमर्जन्सी लाइटमध्ये ज्या सुधारणा होत गेल्या, त्यातल्या बऱ्याचशा या अवघडलेल्या माणसासाठी आहेत. झाकण खाली पडू नये म्हणून दोरी, झाकणातून न सुटणारा स्क्रू, बोटानं दाबून बंद होणारं टर्मिनल. एकेक सुधारणा किरकोळ वाटते. पण अवघडून केलेला जोड सैल राहतो, सैल जोड तापतो आणि तापलेल्या जोडातूनच पुढे आग लागते. म्हणून बसवायला सोपी वस्तू निवडणं हा सुरक्षेचाच भाग आहे, असं मी मानतो.

हा लेख नव्यानं काम शिकणाऱ्या वायरमनसाठी आणि इमारतीची देखभाल नुकतीच हाती घेतलेल्यांसाठी आहे. मेन लाइनवरचं प्रत्यक्ष काम परवानाधारक माणसानं किंवा त्याच्या देखरेखीखालीच करायचं, हे गृहीत धरून पुढे जाऊ.

पहिली पायरी : जागा बघा, मग बॉक्सवरचे आकडे वाचा

कॅटलॉग उघडण्याआधी बॉक्स जिथे लागणार ती जागा बघून या. पाणी कुठून येईल? वरून ठिबकेल की पाइपनं धुताना फवारा बसेल? धूळ किती? कोणाचा धक्का लागेल? ऊन थेट पडतं का? ही उत्तरं हातात असली की बॉक्सवरचे आकडे बोलायला लागतात.

बॉक्स धूळ आणि पाणी किती अडवतो हे आयपी कोड सांगतो. तो आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातून येतो. पहिला आकडा घन वस्तूंसाठी. २ म्हणजे १२.५ मिमी जाडीची वस्तू, म्हणजे साधारण बोट, आत जाणार नाही. ४ म्हणजे १ मिमीची तारही नाही. ५ म्हणजे धूळ थोडी शिरेल पण काम बिघडवणार नाही. ६ म्हणजे धूळ अजिबात नाही. दुसरा आकडा पाण्यासाठी. ४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे, ५ म्हणजे नळीचा फवारा, ६ म्हणजे जोरदार फवारा, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं.

इथे नव्या माणसाची एक समजूत हमखास चुकते. आयपी ६७ चा बॉक्स आयपी ६६ पेक्षा सगळ्या बाबतींत सरस, असं वाटतं. तसं नाही. बुडवण्याची चाचणी आणि फवाऱ्याची चाचणी वेगवेगळ्या आहेत. पहिली पास झाली म्हणून दुसरी पास झाली असं धरता येत नाही. जिथे जोरदार फवाराही येणार आणि पाणीही साचणार, तिथे दोन्ही आकडे एकत्र छापलेला बॉक्स बघा.

धक्क्यासाठी आयके कोड असतो. ज्यूल हे आघाताच्या ऊर्जेचं माप. आयके ०८ म्हणजे ५ ज्यूलचा आघात, आयके १० म्हणजे २० ज्यूलचा. दुसऱ्याचा अंदाज हवा असेल तर ५ किलोचं वजन ४० सेंटिमीटरवरून पडल्यावर बसेल तेवढा दणका डोळ्यांसमोर आणा. पार्किंग, जिन्याचा खालचा टप्पा, ट्रॉल्या फिरणारी गोदामं इथे या आकड्याकडे आयपीइतकंच लक्ष द्या. प्लॅस्टिकच्या बॉक्ससाठी आणखी एक आकडा बघावा, तो ग्लो वायर चाचणीचा. तापलेली तार प्लॅस्टिकला लावून ते पेट घेतं का आणि पेटलं तर आपोआप विझतं का, हे त्यात पाहतात. ६५०, ८५०, ९६० अंश असे त्याचे टप्पे असतात.

पाण्याबद्दल एक गोष्ट उशिरा कळते, ती आधीच सांगतो. घट्ट बंद बॉक्समध्ये पाणी बहुतेक वेळा फटीतून वाहत येत नाही, ते हवेतून येतं. दिवसा बॉक्स तापतो, आतली हवा फुगून बाहेर पडते. रात्री गार झाला की आत दाब कमी होतो आणि गॅस्केटच्या, म्हणजे झाकणाच्या कडेनं बसवलेल्या रबरी पट्टीच्या, बारीकशा फटीतून दमट हवा ओढली जाते. काही महिन्यांनी झाकण उघडावं तर आत थेंब जमलेले आणि टर्मिनलवर हिरवा थर. यावरचा शोध मला फार आवडतो : बॉक्सच्या भिंतीत बसवलेला छोटा पडदा, ज्यातून हवा आणि वाफ ये-जा करते पण पाण्याचा थेंब जात नाही. आत-बाहेरचा दाब सारखा राहतो, गॅस्केटवर ताण येत नाही. उघड्यावर लावायच्या बॉक्सला असा व्हेंट असेल तर तो निवडा, आणि बसवल्यावर त्यावर रंग मारू देऊ नका.

दुसरी पायरी : बॉक्स टेबलावर उघडा

भिंतीवर चढवण्याआधी बॉक्स टेबलावर ठेवून नीट हाताळा. पाच मिनिटं लागतात.

झाकणाचे स्क्रू सोडवा. ते झाकणातच अडकून राहतात की खाली पडतात? पाव वळसा फिरवून उघडणारं झाकण देखभालीला सोपं, आणि बंद आहे की नाही हे खाचेच्या दिशेवरून लांबूनही दिसतं. बिजागरी असेल तर ती कोणत्या बाजूला उघडते आणि तिथे भिंत आडवी येणार नाही ना, ते बघा. भिंतीला बसवायची भोकं गॅस्केटच्या बाहेर असतील तर उत्तम. ती आतल्या कप्प्यात असतील तर प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट, आणि सोबत दिलेले प्लग लावायला कोणीतरी विसरतंच.

झाकण उघडल्यावर आत हात गेला तर काय हाताला लागेल, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. चांगल्या बॉक्समध्ये बाहेरच्या झाकणामागे आणखी एक आवरण असतं. एमसीबीचे, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की ट्रिप होऊन लाइन तोडणाऱ्या छोट्या सर्किट ब्रेकरचे, फक्त खटके त्यातून बाहेर डोकावतात; बसबार, म्हणजे वीज वाटणारी धातूची पट्टी, आणि टर्मिनल झाकलेले राहतात. ट्रिप झालेला खटका वर करायला आलेल्या माणसाचं बोट फेजला लागण्याची शक्यताच उरत नाही. काही एन्क्लोजरमध्ये मेन स्विचचा दांडा दाराशी जोडलेला असतो, तो ऑफ केल्याशिवाय दार उघडतच नाही. माणसाच्या लक्षात राहण्यावर काहीही सोडलेलं नाही, म्हणून असे शोध मला मोलाचे वाटतात.

डीआयएन रेल ही ब्रेकर अडकवायची ३५ मिमी रुंदीची पट्टी आता इतकी सर्वत्र आहे की तिचं वेगळं काही वाटत नाही. बोर्डमध्ये बसणारा छोटा सर्किट ब्रेकर जर्मनीतल्या मानहाइममध्ये ह्यूगो श्टोट्झ यांच्या कंपनीत तयार झाला, त्याचं पेटंट १९२४ सालचं. त्याला पुढे या सामाईक पट्टीची जोड मिळाली आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकाच बोर्डात खटकन बसू लागल्या. पट्टीवरच्या एका घराची, म्हणजे मॉड्यूलची, रुंदी साधारण १८ मिमी. बॉक्स घेताना आज लागणारे मॉड्यूल मोजा आणि त्याहून थोडी जास्त जागा मोकळी ठेवा. ती पुढच्या सर्किटसाठी तर लागतेच, पण उष्णतेसाठीही लागते. खच्चून भरलेल्या बोर्डात शेजारशेजारचे ब्रेकर एकमेकांना तापवतात आणि लोड ठरलेल्या मर्यादेत असूनही ट्रिप होतात. मग एखादा घाईचा माणूस मोठ्या रेटिंगचा एमसीबी घालतो, आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

लोखंडी बॉक्स असेल तर दाराचं अर्थिंग तपासा. रंगाचा थर वीज वाहू देत नाही, आणि बिजागरीवर विसंबता येत नाही. दार आणि बॉक्स यांच्यामध्ये तांब्याची वेणी किंवा अर्थ वायर हवीच.

तिसरी पायरी : लाइन बंद असल्याची खात्री

मेन बंद करा, त्यावर कुलूप लावा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा, पाटी लटकवा. मग तपासा, तेही तीन टप्प्यांत. आधी टेस्टर एखाद्या चालू लाइनवर लावून तो ठीक असल्याची खात्री करा. मग तुमच्या सर्किटवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असं बघा. शेवटी परत चालू लाइनवर टेस्टर तपासा. मधल्या वेळात टेस्टर बिघडला असेल तर तो या तिसऱ्या टप्प्यात पकडला जातो. यासाठी दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर वापरा. स्क्रू ड्रायव्हरसारख्या दिसणाऱ्या, आत छोटा दिवा असलेल्या टेस्टरवर विसंबू नका. तो पेटला नाही म्हणजे लाइन मेलेली आहे असं सिद्ध होत नाही.

चौथी पायरी : बॉक्स बसवणं आणि केबल आत घेणं

केबल शक्यतो खालून आत घ्या. वरून घ्यावीच लागली तर बॉक्सच्या आधी केबलला खाली एक वळण द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी त्या वळणाच्या तळाशी टपकून जाईल.

नॉकआउट, म्हणजे केबलसाठी बॉक्सच्या भिंतीत आधीच आखलेली तोडायची भोकं, तोडताना फक्त लागणारेच तोडा. चुकून जास्तीचा तुटला तर तिथे झाकणप्लग बसवा. ग्लँड, म्हणजे भोकात केबल घट्ट धरून फट बंद करणारा तुकडा, केबलच्या बाहेरच्या जाडीला जुळणारा हवा. २० मिमीचा ग्लँड म्हणजे कोणतीही केबल चालेल असं नसतं, त्याच्या पाकिटावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त जाडी लिहिलेली असते. बॉक्सवर छापलेला आयपी आकडा तुम्ही भोक पाडेपर्यंतचा. त्यानंतर तो तुमच्या ग्लँडवर अवलंबून आहे.

लोखंडी बॉक्समध्ये एकेरी वायरी घेत असाल तर एकाच सर्किटची फेज आणि न्यूट्रल एकाच भोकातून घ्या. वेगवेगळ्या भोकांतून नेल्या तर प्रत्येक वायरीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र लोखंडात प्रवाह निर्माण करतं आणि मधला पत्रा तापतो. करंट मोठा असेल तर हाताला चटका बसेल इतका. एकत्र नेल्या की दोन्ही क्षेत्रं एकमेकांना खोडून काढतात.

पाचवी पायरी : जोड

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या.

वायर पिळून वर टोपी फिरवण्याच्या पद्धतीची सुरुवात कॅनडात विल्यम मार यांच्या १९१४ च्या कनेक्टरपासून झाली. त्याआधी जोड डागायचे आणि पट्टी गुंडाळायची, म्हणजे शिडीवर आगीशी खेळ. पुढे जर्मनीत मिंडेनमध्ये वागो कंपनीनं स्प्रिंगच्या टर्मिनलवर काम केलं, १९७७ मध्ये त्यांचं पिंजऱ्यासारखं स्प्रिंग क्लँप आलं. आजचे लिव्हरचे कनेक्टर त्याच वाटेवरचे.

स्प्रिंग का बरी? स्क्रूखाली दाबलेलं तांबं दाबाखाली हळूहळू पसरतं. लोड चढतो, वायर फुगते, उतरला की आकसते. हे वर्षानुवर्षं चालतं आणि स्क्रू जिथला तिथे असूनही पकड ढिली होते. स्प्रिंग मात्र तांब्यामागे सरकत राहते आणि दाब टिकवते. शिवाय पकड किती हे बसवणाऱ्याच्या मनगटावर ठरत नाही. स्क्रूचं टर्मिनल असेल तर त्यावर दिलेल्या न्यूटन-मीटरच्या आकड्याप्रमाणे टॉर्क स्क्रू ड्रायव्हरनं, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच घट्ट करणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरनं, घट्ट करा. अंदाजानं घट्ट केलेला जोड एकाचा सैल, दुसऱ्याचा चिरडलेला.

वायर किती सोलायची हे टर्मिनलवर लिहिलेलं असतं, लिव्हरच्या कनेक्टरवर सहसा ११ मिमीच्या आसपास. कमी सोलली तर स्प्रिंग इन्सुलेशनवर बसते. जोड झाल्यासारखा दिसतो पण पकड नसते. जास्त सोलली तर उघडं तांबं बाहेर राहतं. पारदर्शक कनेक्टरचा खरा फायदा इथे : टोक शेवटपर्यंत गेलं की नाही ते डोळ्यांनी दिसतं. बारीक तारांची लवचिक वायर स्क्रूच्या टर्मिनलमध्ये घालायची असेल तर टोकावर फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबून घ्या. त्या टोकाला कथील लावू नका, कथील दाबाखाली तांब्याहूनही लवकर पसरतं. प्रत्येक जोड झाल्यावर वायर एकेक करून ओढून बघा. न चुकता, प्रत्येक.

सहावी पायरी : इमर्जन्सी लाइट कुठे हवा

२८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबला आग लागली आणि ४९२ माणसं गेली. दिवे गेले, धूर भरला. मुख्य दार फिरतं होतं, ते गर्दीनं अडकलं. बाकीची काही दारं कुलूपबंद, काही आत उघडणारी. त्यानंतर बाहेर पडण्याच्या वाटा, त्यावरच्या पाट्या आणि आणीबाणीचे दिवे यांचे नियम कडक झाले. मेन लाइन गेल्यावर स्वतःच्या बॅटरीवर पेटणारा तो छोटा डबा किती गंभीर काम करतो, हे समजायला एवढं पुरे.

युरोपातलं ईएन १८३८ हे मानक शिकायला चांगलं आहे, त्यातले आकडे लक्षात ठेवण्यासारखे. २ मीटरपर्यंत रुंद वाटेच्या मधल्या रेषेवर जमिनीवर किमान १ लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप). मोकळ्या हॉलमध्ये ०.५ लक्स. अर्धा उजेड ५ सेकंदांत, पूर्ण ६० सेकंदांत, आणि किमान १ तास टिकायला हवा. अमेरिकेत हाच वेळ ९० मिनिटांचा आहे. तुमच्या भागात लागू असलेला नियमच पाळायचा.

१ लक्स म्हणजे फार थोडा उजेड, पण डोळा तेवढ्यावर वाट काढतो. अट एवढीच की उजेड सलग हवा. दिव्याखाली लख्ख आणि दोन दिव्यांच्या मध्ये काळोख असेल तर डोळा जुळवून घेऊ शकत नाही. म्हणून सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी उजेडाचं प्रमाण ४० ला १ पेक्षा मोठं नसावं, असंही मानक सांगतं. यामुळेच एका प्रखर फिटिंगपेक्षा थोड्या अंतरावर लावलेले दोन मध्यम दिवे बरे. नव्या एलईडी फिटिंगमध्ये उजेड कॉरिडॉरच्या लांबीत पसरवणारी लेन्स असते. तिची दिशा बाणानं दाखवलेली असते, ती भिंतीकडे करून बसवू नका.

जागा ठरवताना नकाशावर आधी या ठिकाणी खुणा करा : बाहेर पडण्याचं प्रत्येक दार, प्रत्येक जिना, जमिनीची पातळी बदलते ती जागा, वळण, कॉरिडॉरचा चौक, इमारतीबाहेरचं शेवटचं दार, अग्निशामक साधनं, प्रथमोपचाराची पेटी. यांच्यापासून २ मीटरच्या आत दिवा हवा. उरलेलं अंतर मग भरा. जिन्यात प्रत्येक टप्प्यावर थेट उजेड पडला पाहिजे. माणूस पडायला सावलीतली एक पायरी पुरेशी असते.

पळत्या माणसाची हिरवी पाटी जपानी डिझायनर युकिओ ओता यांच्या चित्रावरून जगभर गेली. आतून प्रकाशित पाटी तिच्या उंचीच्या २०० पट अंतरावरून ओळखता येते असं धरतात, म्हणजे १५ सेंटिमीटरची पाटी ३० मीटरवरून. बाहेरून उजेड पडणाऱ्या पाटीसाठी १०० पट.

सातवी पायरी : फिटिंग आणि वायरिंग

नवी चांगली फिटिंग्ज दोन भागांत येतात. आधी हलकी बैठक छताला लावायची, वायरी तिच्यातल्या टर्मिनलमध्ये जोडायच्या. मग दिव्याचा भाग तिच्यावर दाबायचा, तो आपोआप संपर्क जोडतो आणि खटकन बसतो. दिवा छोट्या दोरीनं बैठकीला लटकतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. बॅटरी बदलायची वेळ आली की वायरिंगला हात न लावता वरचा भाग उतरवता येतो. निवड तुमच्या हातात असेल तर हाच प्रकार घ्या.

आता या सगळ्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. इमर्जन्सी लाइटला कायम चालू राहणारी फेज लागते, आणि ती त्याच भागातल्या साध्या दिव्यांच्या सर्किटमधून, पण स्विचच्या आधी घ्यायची. असं का, हे दोन चुकांवरून कळेल. फेज स्विचच्या नंतरून घेतली तर संध्याकाळी कोणी दिवे बंद केले की फिटिंगला वाटतं लाइन गेली. ते पेटतं, रात्रभरात बॅटरी रिकामी, आणि दुसऱ्या दिवशी खरी लाइन गेली तर काहीच नाही. दुसरी चूक जास्त फसवी : इमर्जन्सी लाइटसाठी बोर्डातून स्वतंत्र एमसीबी दिला. दिसायला व्यवस्थित. पण जिन्याच्या दिव्यांचा एमसीबी ट्रिप झाला तर जिन्यात काळोख, आणि इमर्जन्सी लाइटला त्याची लाइन मिळतच असल्यामुळे तो शांत. दिवा पेटायला हवा तो त्या जागेचा उजेड गेल्यावर, म्हणून त्यानं त्याच सर्किटवर नजर ठेवली पाहिजे.

लाइन असतानाही साध्या दिव्यासारखं पेटणारं फिटिंग असेल तर कायमच्या फेजसोबत स्विचमधून येणारी आणखी एक फेज जोडावी लागते. टर्मिनलवरच्या खुणा वाचून जोडा. सर्किटमध्ये चावीचा टेस्ट स्विच दिला तर साधे दिवे न घालवता इमर्जन्सी लाइटची फेज तोडून चाचणी घेता येते.

इन्सुलेशनची चाचणी ५०० व्होल्टवर करणार असाल तर फिटिंग्ज आधी सोडवून ठेवा, आतलं इलेक्ट्रॉनिक्स त्यात जळू शकतं.

बॅटरीचा प्लग सगळ्यात शेवटी जोडा, कायमची लाइन सुरू होईल त्या दिवशी. बांधकाम चालू असताना लाइन दिवसातून अनेकदा जाते-येते. प्लग आधीच जोडलेला असेल तर बॅटरी प्रत्येक वेळी रिकामी होते आणि इमारत ताब्यात देण्याआधीच तिचा दम निघतो.

आठवी पायरी : चाचणी आणि देखभाल

पहिल्या चाचणीआधी बॅटरी सलग २४ तास चार्ज होऊ द्या. मग पूर्ण वेळेची चाचणी घ्या आणि फिटिंगच्या आत न पुसणाऱ्या शाईनं तारीख लिहा. त्यानंतर दर महिन्याला थोडा वेळ लाइन तोडून प्रत्येक दिवा पेटतो का ते बघा, आणि वर्षातून एकदा पूर्ण वेळ. स्वतःची चाचणी स्वतः घेणारी फिटिंग्ज आता मिळतात, त्यांचं मानक आयईसी ६२०३४. त्यांच्यावर छोटा एलईडी असतो, बहुतेकांत हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे दोष. मोठ्या इमारतीत ती घ्याच. पण तो लाल एलईडी बघायला कोणाला तरी नेमावं लागतं, आणि नोंदवही लिहावीच लागते.

बॅटरीचा शत्रू उष्णता. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण अर्ध्यावर येतं, असा अनुभवाचा ठोकताळा आहे. त्यामुळे तापणाऱ्या दिव्याच्या वर किंवा पत्र्याच्या छताला टेकवून फिटिंग लावू नका. निकेल-कॅडमियम बॅटरी सतत मंद चार्जवर राहते आणि स्वतःही थोडी तापते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला सतत चार्ज लागत नाही, ती आकारानं लहान आणि जास्त टिकणारी, म्हणून नवीन फिटिंग्जमध्ये तीच दिसते. बदलताना मूळ प्रकारचीच घाला. दोन्हींचे चार्जर वेगळे असतात, आणि लिथियमला चुकीचा चार्जर मिळणं धोक्याचं आहे. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकायची नाही, बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रात द्यायची.

वार्षिक चाचणी संपली की सगळ्या बॅटऱ्या रिकाम्या असतात आणि पुढचे २४ तास इमारत उघडी पडते. म्हणून चाचणी इमारत रिकामी असेल अशा दिवशी ठेवा. रुग्णालय किंवा वसतिगृह असेल तर तसा दिवस येतच नाही. तिथे एक सोडून एक असे दिवे दोन गटांत वाटा, आज पहिला गट तपासा, आणि तो पूर्ण चार्ज झाल्यावरच दुसऱ्याला हात लावा.